हॉट स्टोव्ह लीग

हॉट स्टोव्ह लीग : अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा एक हंगाम संपून दुसरा सुरू होईपर्यंत थंडीच्या दिवसांत रंगणाऱ्या चर्चा, अफवा, वाद आणि खेळाडूंची खरेदी-अदलाबदल या सगळ्याला मिळून पडलेले नाव. नावात ‘लीग’ असली तरी तिच्यात एकही सामना होत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या आरंभी वर्ल्ड सिरीज, म्हणजे नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, संपते. फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर (गोलंदाज) आणि कॅचर (यष्टिरक्षकासारखा झेल घेणारा) फ्लॉरिडा किंवा ॲरिझोनातल्या सराव शिबिरात हजर होतात. मधल्या साधारण साडेतीन महिन्यांत आपल्या संघाने कोणाला घेतले, कोणाला सोडले, कोणाला किती वर्षे बांधून घेतले आणि मालकाने खिशात हात घातला की नाही, यावर चाहते हिरिरीने भांडतात. छोट्या गावांतल्या दुकानांत आणि न्हाव्याकडे पेटलेल्या शेगडीभोवती बसून होणाऱ्या गप्पांवरून हे नाव आले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते वृत्तपत्रांत रुळलेले होते. जपान आणि दक्षिण कोरियातही बेसबॉलच्या या काळाला ‘स्टोव्ह लीग’च म्हणतात.

क्रिकेटच्या सवयीने वाचणाऱ्याने एक फरक आधी समजून घ्यावा. बेसबॉलमधला ‘मॅनेजर’ म्हणजे सामन्याच्या वेळी डगआउटमध्ये बसून पिचर बदलणारा, फलंदाजीचा क्रम ठरवणारा माणूस. संघबांधणी त्याच्या हातात नसते. ती करतो जनरल मॅनेजर किंवा त्याच्याही वरचा ‘बेसबॉल ऑपरेशन्स’चा अध्यक्ष, आणि पैशाच्या नाड्या मालकाकडे असतात. १६२ सामन्यांच्या हंगामात पराभवाचे खापर बहुधा मॅनेजर आणि खेळाडूंवर फुटते. हिवाळ्यात मात्र खेळ कार्यालयातल्या माणसांचा असतो, म्हणून शिव्याही त्यांनाच बसतात.

सुमारे शंभर वर्षे या चर्चेचा विषय फारच मर्यादित होता. १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी आपसांत ठरवलेल्या ‘रिझर्व्ह’ पद्धतीने आधी प्रत्येक संघाचे पाच आणि पुढे सगळेच खेळाडू संघाच्या मालकीचे होऊन बसले. करार संपला तरी खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. मालक त्याला विकू शके, बदलू शके किंवा सरळ घरी बसवू शके. त्यामुळे शेगडीभोवतीचा वाद असायचा तो कोणाच्या बदल्यात कोण, एवढाच. त्या काळातला सर्वांत गाजलेला व्यवहार बॉस्टनचा. रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी हे नाटकांचे निर्माते. त्यांनी २६ डिसेंबर १९१९ रोजी बेब रूथला एक लाख डॉलरना न्यूयॉर्क यँकीजला विकले आणि ही बातमी जानेवारी १९२० मध्ये जाहीर झाली. रूथने १९१९ मध्ये २९ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारून विक्रम केला होता. न्यूयॉर्कमधल्या पहिल्याच हंगामात त्याने ५४ मारले. बॉस्टनने १९१८ मध्ये जिंकलेली वर्ल्ड सिरीज पुन्हा जिंकायला २००४ साल उजाडले. एका हिवाळी सौद्यावरून तीन पिढ्या भांडल्या, असे दुसरे उदाहरण खेळांच्या इतिहासात शोधून सापडणे कठीण.

दुसरी वाट होती (आणि अजूनही आहे) ती डिसेंबरमधल्या ‘रूल फाइव्ह’ ड्राफ्टची. एखाद्या संघाने तरुण खेळाडूला ठराविक वर्षांनंतरही आपल्या राखीव यादीत घेतले नसेल, तर दुसरा संघ किरकोळ रकमेत त्याला उचलू शकतो. अट एवढीच, की पुढचा पूर्ण हंगाम त्याला मुख्य संघात ठेवले पाहिजे. ब्रुकलिन डॉजर्सने मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात ठेवलेला रोबेर्तो क्लेमेंते नोव्हेंबर १९५४ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने असाच नेला. त्याने पुढे पिट्सबर्गसाठी नेमके ३,००० हिट (यशस्वी फटके) केले. दर वर्षी या ड्राफ्टमधून घेतलेल्या बहुतेक नावांचे पुढे काहीच होत नाही, पण क्लेमेंतेची आठवण काढून चाहते त्या अनोळखी पोरांवरही तासभर बोलतात.

चित्र पालटले ते कर्ट फ्लडमुळे. सेंट लुइस कार्डिनल्सकडून बारा हंगाम खेळलेल्या या सेंटरफिल्डरची ऑक्टोबर १९६९ मध्ये फिलाडेल्फियाला अदलाबदल झाली. त्याने जायला नकार दिला आणि त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहून कळवले, की आपण कोणाच्या मनाप्रमाणे विकायची वस्तू नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लड हरला. पण मार्व्हिन मिलर यांच्या नेतृत्वाखालच्या खेळाडू संघटनेने दुसरा एक दावा लवादापुढे नेला. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांना मुक्त ठरवले. मालकांनी साइट्झना तत्काळ काढून टाकले. निकाल मात्र टिकला. १९७६च्या करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडूला ‘फ्री एजंट’ म्हणजे कोणत्याही संघाशी करार करायला मोकळे होण्याचा हक्क मिळाला. आज आपण ज्याला हॉट स्टोव्ह म्हणतो ते खरे तर इथून सुरू होते. जुन्या शेगडीच्या गोड आठवणी काढणाऱ्यांना हे फारसे रुचत नाही, पण चाहत्यांच्या हिवाळी करमणुकीचे भांडवल एका लवादाच्या निकालातून आले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यँकीजचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी रेजी जॅक्सनला पाच वर्षांसाठी सुमारे ३० लाख डॉलरना घेतले. १९७७च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात जॅक्सनने तीन होमरन मारले आणि पैसे ओतले की विजेतेपद मिळते, ही समजूत न्यूयॉर्कमध्ये पक्की झाली. बाकीच्या मालकांनी दहा वर्षांत त्यावर तोड काढली : कोणीच कोणाच्या खेळाडूवर बोली लावायची नाही. १९८५ नंतरच्या दोन-तीन हिवाळ्यांत नामांकित खेळाडूंना बाहेरून प्रस्तावच येईनात. आंद्रे डॉसनने १९८७ च्या वसंतात शिकागो कब्ज संघापुढे कोरा करारच ठेवला. संघाने त्यात पाच लाख डॉलर हा आकडा भरला. त्या वर्षी डॉसनने तळाच्या संघाकडून ४९ होमरन मारले आणि तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मालकांची ही मिलीभगत लवादापुढे सिद्ध झाली आणि १९९० मध्ये त्यांना २८ कोटी डॉलर भरून तडजोड करावी लागली. त्या हिवाळ्यांत आपला संघ कोणालाच कसा घेत नाही म्हणून जनरल मॅनेजरच्या नावाने बोटे मोडणाऱ्या चाहत्यांना खरे कारण नंतर कळले.

१९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूएफएएन हे चोवीस तास फक्त खेळांवर बोलणारे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि शेगडीभोवतीची जागा फोनने घेतली. मेट्स या न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाचा चाहता गाडीतून फोन करून जनरल मॅनेजरला सल्ला देऊ लागला. उंटावरून शेळ्या हाकण्याची ही सोय लवकरच देशभर पसरली. चर्चेची भाषाही बदलत गेली. आधी ‘हा चांगला मारतो, तो दडपणाखाली ढेपाळतो’ अशी बोली होती. ऑकलंड ॲथलेटिक्सच्या बिली बीन यांनी २००२ मध्ये जेसन जिआम्बी आणि जॉनी डेमनसारखे मोहरे गमावूनही आकडेवारीवर भर देत १०३ सामने जिंकले, आणि त्यानंतर सामान्य चाहताही ऑन-बेस टक्केवारी (फलंदाज किती वेळा बाद न होता बेसवर पोचतो) आणि ‘वॉर’ या खेळाडूची सगळी कामगिरी एकत्र मोजणाऱ्या निर्देशांकाचे दाखले देऊ लागला.

त्याहून मोठा बदल हिशेबाचा. बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा नाही. त्याऐवजी ठराविक रकमेवर गेलेल्या संघाला कर भरावा लागतो. २०२५ साठी ही रेषा २४.१ कोटी डॉलरवर होती. लॉस एंजेलिस डॉजर्सने २०२४ च्या हंगामासाठी दहा कोटींहून जास्त कर भरला, तर काही संघ त्या रेषेच्या आसपासही फिरकत नाहीत. दुसरा हिशेब दिवसांचा : फ्री एजंट होण्यासाठी लागणाऱ्या सहा वर्षांतले एक पूर्ण वर्ष धरायला १७२ दिवसांची सेवा लागते. कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला हंगामाचे पहिले काही दिवस दुय्यम संघात ठेवले, १७ एप्रिलला वर आणले, आणि वर्षअखेर त्याचे भरले १७१ दिवस. त्यामुळे त्याची मुक्ती एका वर्षाने लांबली. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आणि पुढच्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याची तक्रार मात्र २०२० मध्ये फेटाळली गेली. शिकागोतल्या अनेक चाहत्यांनी संघाच्या या चलाखीचे समर्थन केले होते. आजच्या हॉट स्टोव्हचे हेच सर्वांत चमत्कारिक लक्षण म्हणावे लागेल : तिकीट विकत घेणारा माणूस मालकाच्या वहीतली बेरीज-वजाबाकी स्वतःच्या घरखर्चासारखी करतो, खेळाडू स्वस्तात ‘ताब्यात’ राहिला की खूश होतो, आणि मग मालकाने पैसे वाचवले म्हणून त्यालाच शिव्या घालतो.

बॉस्टनमध्ये हे दोन्ही एकाच व्यवहारात दिसले. मुकी बेट्स हा २०१८ चा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू, त्याच वर्षीच्या विजेत्या संघाचा कणा. फेब्रुवारी २०२० मध्ये रेड सॉक्सने त्याला डेव्हिड प्राइससह डॉजर्सकडे धाडले; बदल्यात आले ॲलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. बेट्सच्या कराराचे एकच वर्ष उरले होते, प्राइसचा पगार जड होता आणि संघाला कराच्या रेषेखाली यायचे होते. कागदावर तो युक्तिवाद चुकीचा नव्हता आणि तो मांडणारे चाहतेही होते. पण बेट्सने जुलैमध्ये डॉजर्सशी ३६.५ कोटींचा बारा वर्षांचा करार केला, ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि डाउन्स बॉस्टनसाठी जेमतेम १४ सामने खेळला. जानेवारी २०२३ मध्ये स्प्रिंगफिल्ड येथे भरलेल्या संघाच्या चाहता मेळाव्यात मालक जॉन हेन्री आणि संघबांधणीचे प्रमुख हाइम ब्लूम यांची लोकांनी तोंडावर हुर्यो उडवली. सप्टेंबरमध्ये ब्लूम यांना काढले गेले. हा व्यवहार बॉस्टनकर रूथच्या विक्रीशेजारी ठेवतात. ते फ्रेझींवर अन्यायाचे आहे. फ्रेझींपेक्षा हेन्रींचे खिसे कितीतरी खोल होते, म्हणजे त्यांच्यावरचा आरोप अधिक गंभीर ठरतो.

अफवांच्या बाबतीत मात्र सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या चाहत्यांनी २०२२ च्या डिसेंबरात जे भोगले त्याला तोड नाही. ६ डिसेंबरला एका ख्यातनाम पत्रकाराने यँकीजचा ॲरन जज जायंट्सकडे चालल्याचे लिहिले. घाईत पहिले नावही चुकले आणि ‘ॲरन’चे ‘आर्सन’, म्हणजे जाळपोळ, झाले. काही मिनिटांत बातमी मागे घेतली गेली. दुसऱ्या दिवशी जज ३६ कोटींवर यँकीजमध्येच राहिला. आठवड्याभरात जायंट्सने शॉर्टस्टॉप कार्लोस कोरेआशी १३ वर्षांचा ३५ कोटींचा करार ठरवला. वैद्यकीय तपासणीत त्याच्या पायाच्या जुन्या शस्त्रक्रियेवर शंका निघाली आणि पत्रकार परिषद ऐन वेळी रद्द झाली. रातोरात मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन यांनी ३१.५ कोटी देऊ केले. न्यूयॉर्कमध्ये आनंदीआनंद झाला, पण त्यांच्याही डॉक्टरांना तोच पाय खटकला. अखेर जानेवारीत कोरेआ २० कोटींवर मिनेसोटा ट्विन्सकडे परतला, म्हणजे जिथून निघाला होता तिथेच. तीन शहरांतल्या लोकांनी महिनाभर अस्थिरोगतज्ज्ञाच्या थाटात वाद घातले.

पुढच्याच हिवाळ्यात जपानी तारा शोहेइ ओतानीच्या निर्णयाची वाट पाहताना टोरंटोच्या चाहत्यांनी ८ डिसेंबर २०२३ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियातून निघालेल्या एका खासगी विमानाचा पाठलाग संगणकावर केला. विमानातून उतरला एक कॅनेडियन उद्योगपती. दुसऱ्या दिवशी ओतानीने डॉजर्सशी दहा वर्षांचा ७० कोटींचा करार जाहीर केला. त्यातले ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या काळात मिळायचे आहेत. जुवान सोटोने वर्षभरात मेट्सशी ७६.५ कोटींचा करार करून तो आकडाही मागे टाकला.

मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबई इंडियन्समध्ये परतला, डिसेंबरात रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला, आणि पुढच्या हंगामात वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. पण आयपीएलमध्ये प्रत्येक संघाची थैली सारखी असते आणि मोठा लिलाव दोन दिवसांत उरकतो. ‘मालक कंजूष आहे’ या तक्रारीला तिथे फारसा वाव नाही. बेसबॉलच्या हिवाळी वादाचा तोच प्राण आहे.

तो वाद पूर्ण थांबला तो फक्त एकदाच अलीकडे. २ डिसेंबर २०२१ पासून ९९ दिवस मालकांनी टाळेबंदी केली. करार, अदलाबदल, सगळे गोठले. लीगच्या संकेतस्थळावरून खेळाडूंची छायाचित्रेही उतरवली गेली. त्यातून झालेला सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. डॉजर्सने २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन विजेतेपदे मिळवल्यावर पगाराला कमाल मर्यादा घालण्याची मागणी पुन्हा जोर धरू लागली आहे. याच मागणीवरून १९९४ मध्ये संप होऊन वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती आणि खेळाडू संघटनेचा विरोध आजही कायम आहे. लहान शहरांतले चाहते मर्यादा हवी म्हणतात; पिट्सबर्गमध्ये मात्र मर्यादा येवो न येवो, मालक बॉब नटिंग यांनी संघ विकावा, अशा घोषणा स्टेडियममध्येच दिल्या जातात.