वायुयुक्त क्ष-किरण नलिका

ज्या काचेच्या नलिकेत ऋणाग्र (विजेच्या ऋण टोकाला जोडलेला धातूचा भाग) तापवले जात नाही आणि आत उरलेल्या विरळ वायूच्याच आधारे विद्युत् विसर्ग, म्हणजे वायूतून वीज वाहणे, घडून क्ष-किरण निर्माण होतात, तिला वायुयुक्त किंवा शीत ऋणाग्र नलिका म्हणतात. विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्यूर्ट्‌सबर्ग येथे अशीच नलिका काळ्या पुठ्ठ्याने झाकली असताना, जवळचा बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा पडदा चमकताना पाहिला. या किरणांचे स्वरूप अज्ञात असल्याने त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे चिन्ह त्यांना दिले. मराठी बीजगणितात ते काम ‘क्ष’ करतो, म्हणून आपले नावही तितकेच यथार्थ आहे.

नलिकेतील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असे. प्रवर्तन वेटोळ्यातून (व्होल्टता वाढवणाऱ्या तारेच्या गुंडाळीतून) हजारो व्होल्टचा विद्युत् दाब दिला की वायूचे धन आयन, म्हणजे धन विद्युतभार असलेले कण, ऋणाग्रावर आदळून त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढत, आणि हे इलेक्ट्रॉन वेगाने समोरच्या काचेवर आदळून एकाएकी मंदावताना क्ष-किरण उत्पन्न होत. त्यांच्या ऊर्जेचा बहुतेक भाग मात्र उष्णतेत जाई. काच तापे, आणि किरण तिच्या मोठ्या भागातून निघत असल्याने छायाचित्रातील कडा अस्पष्ट येत. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील हर्बर्ट जॅक्सन यांनी १८९६ मध्ये अंतर्वक्र ॲल्युमिनियमचे ऋणाग्र वापरून इलेक्ट्रॉनांचा झोत तिरप्या प्लॅटिनम पत्र्यावर एकवटला, तेव्हा हाडांची छाया रेखीव उमटू लागली.

खरी अडचण वायूचीच होती. त्याच्याशिवाय नलिका चालत नसे, पण वापरागणिक तो काचेत व धातूत शोषला जाई. दाब घटला की विसर्गासाठी अधिक व्होल्टता लागे आणि किरण अधिक भेदक होत. अशा नलिकेला ‘कठीण’ म्हणत, तर जास्त वायूच्या नलिकेला ‘मृदू’. कठीण झालेली नलिका पूर्ववत करण्यासाठी तापल्यावर वायू सोडणारा अभ्रकासारखा पदार्थ तिच्या जोडनळीत ठेवत, किंवा पॅलॅडियमची बारीक नळी ज्योतीत धरून तिच्यातून हायड्रोजन आत जाऊ देत. नलिकेची भेदकता अजमावण्यासाठी अनेक चालक स्वतःचाच हात पडद्यासमोर धरत. ही सवय फार महागात पडली: कित्येकांच्या त्वचेला भाजल्यासारख्या जखमा झाल्या, बोटे कापावी लागली, काहींना कर्करोगाने मृत्यू आला.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ विल्यम कूलिज यांनी १९१३ मध्ये जवळजवळ पूर्ण निर्वात नलिकेत टंगस्टनची तप्त तार बसवली. इलेक्ट्रॉन आता उष्णतेनेच सुटू लागले, त्यामुळे तारेच्या तापमानाने किरणांचे प्रमाण आणि व्होल्टतेने त्यांची भेदकता स्वतंत्रपणे ठरवता आली.