सीडी-फोर घटला, व्हायरल लोड दिसेना: मग बरं की वाईट?

एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्या ओळखीच्या एका खलाशाने शिमग्याच्या सुट्टीत रक्ततपासणीचा कागद पुढे केला. "सीडी-फोर 620 होता, आता 540. गोळ्या लागू पडत नाहीत का?" त्याच कागदावर खाली व्हायरल लोड 'आढळला नाही' असं छापलेलं होतं. तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

दोन्ही आकडे रक्तातलेच, दोन्ही एआरटी केंद्रातूनच, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबणाऱ्या गोळ्या (एआरटी) देणाऱ्या केंद्रातूनच मिळणारे, म्हणून गल्लत होते. पेण-अलिबागकडच्या माणसाला मी खारबांध आठवायला सांगते. उधाणात बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात घुसतं. किती पाणी घुसतंय, तो व्हायरल लोड: एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती आहेत. शेत किती शाबूत राहिलंय, तो सीडी-फोर: एक घन मिलिमीटर रक्तात रोगाशी लढणाऱ्या सीडी-फोर नावाच्या पांढऱ्या पेशी किती उरल्या. एचआयव्ही नेमका याच पेशींना खातो. गोळ्या खांड बुजवतात. पाणी काही महिन्यांत थांबतं, पण खारावलेली जमीन पहिल्याच पावसाळ्यात भात देत नाही. सीडी-फोर हळूहळू, वर्षावर्षाने चढतो, आणि उपचार फार उशिरा सुरू झाले असतील तर काहींचा पुरता चढतही नाही.

शिवाय हा आकडा चंचल. साधा ताप, गरोदरपण, अगदी रक्त सकाळी दिलं की दुपारी, एवढ्यानेही तो हलतो. 620 चा 540 झाला म्हणून झोप उडवून घेण्यात अर्थ नाही. 200 च्या खाली गेला तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे क्षयरोग आणि इतर संधिसाधू, म्हणजे प्रतिकारशक्ती खचली की गाठणारे आजार टपलेले असतात, एड्सची अवस्था म्हणतात ती हीच.

आपल्याकडे सीडी-फोरला इतकं महत्त्व का आलं, याचं कारण सरकारी धोरणात आहे. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळू लागली, पण लक्षणं फार वाढलेली नसतील तर सीडी-फोर 200 च्या खाली जाईपर्यंत थांबावं लागे. पुढे ही रेघ 350 वर आली, मग 500 वर. अर्धं शेत बुडल्याशिवाय खांड बुजवायला जायचं नाही, असाच तो हिशेब. गोळ्या आणि पैसा दोन्ही तोकडे होते. 2017 मध्ये रेघच पुसली: निदान झालं की गोळ्या, आकडा काहीही असो. 2018 पासून व्हायरल लोडची नियमित तपासणी सगळ्यांसाठी सुरू झाली. जुने रुग्ण अजून "माझा सीडी-फोर किती?" हेच आधी विचारतात, त्यात त्यांची चूक नाही. कैक वर्षं गोळ्या मिळणं न मिळणं त्या एका आकड्यावर होतं.

आता उपचार चालतोय का, याचं उत्तर व्हायरल लोडच देतो. गोळ्या सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्षाने, पुढे दरवर्षी. 1000 च्या वर निघाला तर लगेच औषध बदलत नाहीत. समुपदेशक आधी डोस किती चुकले ते विचारतात, आणि आमच्याकडे उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: बोट आठ-दहा दिवसांसाठी गेली, गोळ्यांचा डबा घरी राहिला. गोळ्या नीट सुरू करून काही महिन्यांनी पुन्हा तपासतात, तरी उतरला नाही तरच औषध बदलण्याचा विचार.

'आढळला नाही' म्हणजे विषाणू गेला असं नाही. तो लसिकाग्रंथींत वगैरे दडून बसतो, गोळ्या बंद केल्या तर काही आठवड्यांत परत उसळतो. पण गोळ्या चालू असताना तो असाच दिसेनासा राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे नवराबायकोला एकत्र बसवून सांगावं, एवढं ते महत्त्वाचं आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र हेच वाक्य जसंच्या तसं सांगू नये. तिथला धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही.

खलाशाला मी एवढंच विचारलं, रक्त दिलंस तेव्हा अंगात ताप होता का?

"होता की. बोटीवरून उतरलो तो तसाच गेलो."