निसर्गदृश्य छायाचित्रणातील हेतुपुरस्सर धूसरता

हेतुपुरस्सर धूसरता : शटर उघडे असताना कॅमेरा मुद्दाम हलवून, किंवा तो हातात धरूनच लांब एक्स्पोजर देऊन, निसर्गदृश्याचे रेषा, पट्टे आणि रंगांच्या थरांत रूपांतर करण्याची पद्धत. छायाचित्रकार तिला बोलताना ‘आयसीएम’ (इंटेन्शनल कॅमेरा मूव्हमेंट, म्हणजे कॅमेऱ्याची हेतुपुरस्सर हालचाल) म्हणतात. ट्रायपॉडवरच्या नेहमीच्या लांब एक्स्पोजरमध्ये खडक जागेवर राहतो आणि पाणी दुधाळ होते. इथे खडकही वाहतो. हात हलल्यामुळे बिघडलेल्या फोटोत दृश्याची सगळीच रचना थोडी थोडी ढासळलेली असते. हेतुपुरस्सर धूसरतेत बराचसा तपशील पूर्ण पुसला जातो, पण एखादी रचना, म्हणजे खोडांची लय, क्षितिज किंवा डोंगराची कड, स्पष्ट वाचता येते.

धूसरतेची घडण

शटर उघडे असेपर्यंत सेन्सरचा प्रत्येक बिंदू समोरून सरकणाऱ्या प्रकाशाची बेरीज करत राहतो. त्यामुळे हालचालीच्या दिशेने पसरलेला तपशील एकमेकांत मिसळतो आणि त्याची सरासरी उरते. हालचालीला काटकोनात असलेला फरक मात्र टिकतो. या तंत्रातला जवळजवळ प्रत्येक निर्णय एवढ्या एका गोष्टीतून निघतो. उंच, सरळ खोडांच्या जंगलात कॅमेरा वरून खाली नेला की साल, पाने आणि आडव्या फांद्या विरघळतात, पण खोडे रेषा होऊन उभी राहतात. तोच कॅमेरा आडवा फिरवला तर खोडेच पुसली जातात आणि हिरवट-करडा पडदा तेवढा हाती लागतो. समुद्र, शेतांचे पट्टे, दूरच्या डोंगररांगा यांना आडवी हालचाल मानवते. म्हणून आधी दृश्यातली प्रमुख दिशा ओळखायची आणि मग तिच्या बाजूने हलायचे.

रंगांचेही तसेच होते. लाल फुले आणि हिरवी पाने एकाआड एक असतील तर हालचालीत दोन्ही मिसळून मळकट पिवळसर-तपकिरी रंग तयार होतो. हेच रंग हालचालीला समांतर अशा वेगळ्या पट्ट्यांत असतील तर ते शुद्ध राहतात. शरद ऋतूतली पिवळी-केशरी झाडी या तंत्रात हमखास चांगली दिसते, कारण तिथले शेजारचे रंग मिसळले तरी मळत नाहीत.

तेजस्वी ठिपके जास्त ठळक रेघ ओढतात. पानांच्या फटीतून दिसणारे आभाळ किंवा पाण्यावरची चमक चित्रात पांढऱ्या जखमांसारखी उमटते, म्हणून हातभर बाजूला सरकून अशा फटी टाळणे एक्स्पोजरच्या आकड्यांशी झुंजण्यापेक्षा सोपे असते. उलट, पाण्यावरची ती चमकच चित्राचा विषय असेल तर कॅमेऱ्याच्या हालचालीने तिच्याकडून हवी ती लिपी लिहून घेता येते.

कॅमेरा जागेवरच वळवणे आणि कॅमेऱ्यासह सरकणे यांचे परिणाम वेगवेगळे असतात. वळवल्यावर जवळचे-दूरचे सारेच सारखे धूसर होते. कॅमेरा बाजूला सरकवला, किंवा चालता चालता शटर दाबले, तर जवळचे गवत खूप पसरते आणि दूरचा डोंगर जवळजवळ स्थिर राहतो. खोली हवी असेल तेव्हा ही दुसरी हालचाल फार उपयोगी पडते. कॅमेरा लेन्सच्या अक्षाभोवती फिरवला तर मध्यभाग स्पष्ट राहून कडांना वर्तुळाकार रेषा येतात. शटर उघडे असताना झूम फिरवला तर रेषा केंद्रातून बाहेर फाकतात. या दोन्ही युक्त्या पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात आणि तितक्याच लवकर शिळ्या होतात.

किती वेळ, किती हालचाल

हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी १/८ सेकंद ते १ सेकंद हा सर्वांत कामाचा पल्ला आहे. झाडांसाठी सुरुवात १/४ किंवा १/२ सेकंदाने करावी. १/६० ते १/३० सेकंदाच्या आसपास मिळणारी धूसरता अर्धवट असते आणि चुकून हललेल्या फोटोसारखीच दिसते. २ सेकंदांच्या पुढे हाताच्या हालचालीत सातत्य राहत नाही आणि आकार ओळखण्यापलीकडे जातात.

शटरच्या वेळेइतकेच हालचालीच्या कोनालाही महत्त्व आहे. सेन्सरवर उमटणाऱ्या रेघेची लांबी ढोबळमानाने लेन्सचे नाभीय अंतर (लेन्सवर मिमीत लिहिलेला आकडा) आणि वळवलेल्या कोनाचा टॅन्जंट यांच्या गुणाकाराएवढी असते. ५० मिमी लेन्स १० अंशांतून वळवली तर रेघ सुमारे ९ मिमी लांब, म्हणजे ३६ मिमी रुंद फुल-फ्रेम सेन्सरच्या पाव रुंदीइतकी होते. तेवढ्याच कोनात १०० मिमी लेन्स जवळजवळ अर्धी चौकट पुसते, तर २४ मिमी लेन्सने जेमतेम ४ मिमीची रेघ मिळते. वाइड अँगल लेन्सने वर-खाली हालचाल केली तर कडेच्या रेषा वक्र होऊन बाहेर झुकतात. सरळ, समांतर रेषा हव्या असतील तर ७० ते २०० मिमीचा पल्ला निवडावा.

दिवसाउजेडी १/२ सेकंदाचे एक्स्पोजर मिळवायचे तर प्रकाश कमी करावा लागतो. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तर छिद्र लहान) ला भर उन्हात शटर साधारण १/१२५ सेकंद येते. तिथून १/२ सेकंदापर्यंत ६ स्टॉपचे अंतर आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), म्हणून ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (रंग न बदलता प्रकाश अडवणारी गडद काच), म्हणजे एनडी६४, या कामाला नेमका पुरतो. ढगाळ वातावरणात त्याच सेटिंगला १/३० सेकंद येत असेल तर ३ स्टॉपचा एनडी८ लावून १/४ सेकंद मिळते. १० स्टॉपचा फिल्टर हातात धरून घेण्याच्या फोटोंना बहुधा जड पडतो: भर उन्हातही वेळ ८ सेकंदांवर जातो आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये काही दिसत नाही. झाडीत पोलरायझर, म्हणजे परावर्तित चमक अडवणारा फिल्टर, आधी लावून पाहावा. तो दीड ते दोन स्टॉप प्रकाश अडवतो, शिवाय ओल्या पानांवरची पांढरी चमक काढून रंग गडद करतो.

फिल्टर नसला की हात एफ/२२ कडे वळतो. विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) कमी होणारी तीक्ष्णता इथे बिनमहत्त्वाची असते, पण दुसरीच अडचण उभी राहते. सेन्सरवरची धूळ कॅमेऱ्याबरोबरच हलत असल्याने ती धूसर होत नाही. मऊ रंगपट्ट्यांच्या मधोमध लहान, गडद ठिपके दिसतात, आणि चित्रात दुसरे काहीच स्पष्ट नसल्यामुळे नजर थेट तिथेच जाते. म्हणून सेन्सर स्वच्छ ठेवावा, किंवा एनडी फिल्टर लावून एफ/८ ते एफ/११ वर राहावे.

प्रत्यक्ष कृती

कॅमेरा मॅन्युअल मोडवर घ्यावा. हालचालीदरम्यान चौकटीत आभाळ शिरते आणि स्वयंचलित मापन कुठल्या क्षणाचा प्रकाश धरील याचा भरवसा नसतो. आयएसओ सर्वांत खालच्या मूळ मूल्यावर ठेवावा. आयएसओ ५० सारखे वाढीव खालचे मूल्य वापरले तर तेजस्वी भागांची साधारण एक स्टॉपची राखीव जागा जाते. फिल्टर लावण्यापूर्वी फोकस करून तो मॅन्युअलवर टाकावा, नाहीतर अंधारलेल्या दृश्यात ऑटोफोकस चाचपडत राहतो. सगळे धूसरच होणार असताना फोकसची गरज काय, असे वाटू शकते. पण रेषांच्या कडा रेखीव की कापसासारख्या, हे फोकसच ठरवतो.

लेन्समधील आणि कॅमेऱ्यातील स्थिरीकरण बंद करावे. ते हालचालीला विरोध करते, काही वेळा मध्येच सुटते आणि रेघेला झटका बसतो.

पाय खांद्याइतके फाकवून, कोपरे अंगाला टेकवून उभे राहावे. आडव्या हालचालीत कमरेपासून वरचे शरीर फिरवावे; मनगटाने कॅमेरा फिरवला की तो वर्तुळाकार घसरतो. कॅमेरा आधी हलू द्यायचा, तो चालू गतीत असताना शटर दाबायचे आणि शटर बंद झाल्यावरही हालचाल पुढे चालू ठेवायची. स्थिर कॅमेऱ्याचे शटर दाबून मग हलवले तर सुरुवातीच्या जागी दृश्याची एक फिकट, स्पष्ट छाप राहते आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला गाठ येते.

ही छाप मुद्दाम उमटवण्याची रीतही आहे. १ सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये पहिला निम्मा वेळ श्वास रोखून कॅमेरा स्थिर धरायचा आणि उरलेल्या वेळात हलवायचा. झाडाचा आकार ओळखू येतो आणि त्याच्यावर रंगाचा ओघळ चढतो. हे प्रमाण हाताला बसायला वेळ लागतो, पण आयसीएममधली सर्वांत समृद्ध चित्रे इथेच मिळतात.

समुद्राच्या चित्रात चूक लपत नाही. क्षितिज आणि हालचाल यांच्या दिशेत २ अंशांचा जरी फरक पडला तरी ९ मिमीच्या रेघेवर क्षितिजाची सुमारे ०.३ मिमी जाड पट्टी होते, आणि मोठ्या प्रिंटमध्ये ती मरगळलेली दिसते. अगदी धारदार क्षितिज हवे असेल तर हाताचा हट्ट सोडावा. ट्रायपॉडचे डोके पाणसळ करून वर-खालीचा स्क्रू आवळावा आणि कॅमेरा फक्त आडवा फिरू द्यावा. हातात धरलेल्या कॅमेऱ्याच्या रेषेत जो सूक्ष्म कंप राहतो तो झाडांत, गवतात आणि पाण्याच्या तरंगांत शोभतो, क्षितिजात क्वचितच.

हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद ते उजळ छटांचा आलेख) प्रत्येक फोटोनंतर पाहावा. सरासरीमुळे तो मध्याकडे आकसतो, म्हणून स्थिर फोटोपेक्षा थोडे जास्त एक्स्पोजर चालू शकते. एकाच जागी एकाच सेटिंगवर बरेच फोटो घ्यावेत. तीच हालचाल पुन्हा केली तरी दोन चित्रे सारखी येत नाहीत, आणि निवड घरी मोठ्या पडद्यावरच होते.

इतर मार्ग

एकाच फ्रेमवर अनेक एक्स्पोजर घेऊन दर वेळी कॅमेरा किंचित सरकवला तर अखंड रेषेऐवजी ठिपक्यांची, कुंचल्याच्या फटकाऱ्यांसारखी पोत मिळते. कॅमेरा नुसती बेरीज करत असेल तर ४ एक्स्पोजरसाठी प्रत्येक २ स्टॉप कमी द्यावे लागते. सरासरीच्या पर्यायात हे गणित कॅमेराच करतो. केवळ फोकस घालवून मिळणारी धूसरता ही वेगळी वाट आहे. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली वास्तुचित्रांची मालिका तिचे ठळक उदाहरण आहे.

स्पष्ट फोटोवर सॉफ्टवेअरने हालचालीचा फिल्टर चढवून हाच परिणाम मिळतो, हा समज बरोबर नाही. पाण्यावरची चमक सेन्सरच्या मर्यादेपेक्षा कित्येक पट तेजस्वी असते. खऱ्या हालचालीत ती चमक पसरूनही झळझळीत रेघ देते. स्थिर फोटोत मात्र ती मर्यादेपाशी कापली गेलेली असते, आणि नंतर पसरवल्यावर राखाडी डाग पडतो. जवळ-दूरच्या वस्तूंच्या धूसरतेतला फरकही एका सपाट प्रतिमेतून आपोआप येत नाही.

ऐतिहासिक संदर्भ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्रवादी छायाचित्रकारांनी मृदू लेन्स आणि छपाईच्या प्रक्रिया वापरून धूसरतेला कलेत स्थान दिले. १९३२ मध्ये अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आदींनी स्थापलेल्या ‘एफ/६४’ गटाने तिला ठाम विरोध केला. निसर्गचित्र म्हणजे काठोकाठ तीक्ष्ण चित्र, ही समजूत घट्ट होण्यात या गटाचा मोठा वाटा आहे. जर्मनीत ऑटो स्टाइनर्ट यांनी १९५० च्या सुमारास व्यक्तिनिष्ठ छायाचित्रणाचा पुरस्कार करताना हालचालीची धूसरता वापरली. त्याच दशकात ऑस्ट्रियात जन्मलेले एर्न्स्ट हास यांनी रंगीत फिल्मवर संथ शटरने गतीची चित्रे काढली. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या रंगीत छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले. फिल्मच्या काळात प्रत्येक प्रयत्नाला एक फ्रेम खर्ची पडे आणि निकाल धुलाईनंतर कळे. डिजिटल कॅमेऱ्याने ही अडचण दूर केली आणि तंत्र सर्वांच्या आवाक्यात आले.

संस्करण आणि छपाई

रॉ फाइलच (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) वापरावी. विस्तीर्ण, मंद बदलणाऱ्या रंगछटांवर ८ बिटच्या जेपेगमध्ये थोडेही काम केले की पायऱ्या पडतात. १६ बिटमध्ये त्या टळतात. आकसलेला हिस्टोग्राम काळ्या टोकाकडे ओढला की चित्रात जीव येतो, आणि बहुतेक फोटोंना एवढेच संस्करण पुरते. सर्वत्र शार्पनिंग करू नये. धुळीप्रमाणेच सेन्सरचा नॉइजही (फोटोतले अनाहूत कण) हालचालीने धूसर होत नाही, त्यामुळे शार्पनिंगने फक्त तोच उठून दिसतो. उलट छटांमधल्या पायऱ्या प्रिंटमध्ये दिसू लागल्या तर अगदी हलका, एकसारखा ग्रेन (फिल्मसारखा बारीक रवाळपणा) वरून घालणे हा चांगला उपाय आहे. छपाईसाठी चकचकीत कागदापेक्षा मॅट सुती कागद या चित्रांना अधिक खुलतो. मात्र त्यावर गडद रंग थोडे फिके उतरतात, म्हणून आधी लहान चाचणी प्रिंट काढून काळ्या भागांची पातळी ठरवावी.