आईला 'वेडाची गोळी' का दिली?

फोंड्याकडची एक ताई परवा गोळ्यांची पट्टी घेऊन आली. मोबाईलवर नाव टाकलं तर स्किझोफ्रेनिया, म्हणजे भ्रम-भास होतात तो मानसिक आजार, आला म्हणे. "सिस्टर, आईला झोप येत नाही एवढंच सांगितलेलं आम्ही, ही वेडाची गोळी कशाला?" बघितलं तर क्वेटियापिन, २५ मिलिग्रॅम.

आमच्या वॉर्डात हा प्रश्न नेहमीचाच. औषधाला मंजुरी एका आजाराची असते आणि डॉक्टर ते दुसऱ्याच कशाला तरी लिहितात, त्याला ऑफ-लेबल म्हणतात, आणि हे जगभर चालतं. कधी कधी छानच चालतं, केमोच्या उलट्यांवर ओलान्झापिन देतात ना, ते मूळ स्किझोफ्रेनियाचं औषध पण कॅन्सरच्या पेशंटना त्याने खरंच आराम पडतो.

झोपेसाठी देतात ते मात्र मला फारसं पटत नाही. एवढ्याशा डोसला क्वेटियापिन मुख्यतः हिस्टामिनचा रस्ता अडवतं, म्हणजे सर्दीची गोळी घेतल्यावर डोळे जड होतात ना, तेच. भ्रम-भास आवरायला डोस कितीतरी पट लागतो, ४००-६०० सहज. पण वजन आणि साखर वाढायची भीती छोट्या डोसलाही थोडी असतेच, आणि उठल्यावर बीपी पडतं ते वेगळंच. रात्री बाथरूमला उठलेली म्हातारी अंधारात पडली की खुबा गेला. झोपेवर पहिला उपाय खरं तर सवयी आणि विचार बदलायची थेरपी. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे बघा, तो कांदोळीचा संमोहन करणारा पाद्री दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सांगत होता की संमोहनातली झोप संमोहन करणाऱ्याच्या हातात नसते, झोपणाऱ्याच्याच मनात असते!

डिमेन्शियात, म्हणजे म्हातारपणी स्मृती आणि समज जात जाते त्या आजारात, ही औषधं देणं जास्त गंभीर. २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) क्वेटियापिन-ओलान्झापिनच्या गटातल्या, म्हणजे अँटिसायकोटिक नावाच्या नव्या औषधांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, कारण डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचं प्रमाण डमी गोळीवाल्यांपेक्षा साधारण १.६ ते १.७ पट दिसलं, २००८ मध्ये जुन्या औषधांवरही तोच इशारा आला. म्हणून कधीच द्यायचं नाही असं नाही, आजोबा मारायलाच धावत असतील तर थोडे दिवस, थोडा डोस. पण त्याआधी लघवीचं इन्फेक्शन, चार दिवस न झालेली शौच, दुखणारी दाढ हे बघायचं, आणि ते आधी नर्सलाच दिसतं.

आणि एक गोष्ट नवीन मुलींना मी परत परत सांगते, अकाथिसिया. या औषधांनी काहींना आतून अशी तगमग होते की बसवत नाही, उभं राहिलं तर या पायावरून त्या पायावर, खोलीत येरझाऱ्या. रिपोर्टमध्ये लिहिलं जातं 'पेशंट अस्वस्थ', मग डोस वाढतो, मग तगमग आणखी वाढते, परत तेच! डोस कधी सुरू केला कधी वाढवला ती तारीख आणि येरझाऱ्या कधी सुरू झाल्या ती तारीख शेजारी शेजारी लिहा, अर्धं निदान तिथेच होतं. अशा वेळी बऱ्याचदा डोस कमी करावा लागतो, किंवा डॉक्टर प्रोप्रानोलोल, मूळची बीपीची गोळी, देतात.

ताईला म्हटलं, मनाने बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार कशासाठी दिली आणि किती दिवस, आणि आईचं बीपी आडवं असताना आणि उठल्यावर असं दोनदा बघून घे. ती विचारून आली. आई दुपारी जेवून दोन ते पाच झोपते हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं, आपल्याकडे दुपारची झोप कोण झोपेत धरतं!