मागचे किरण स्वतः काढा: डिझाईन घरी करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गणपतीचा बॅनर असो, वाढदिवसाचा फ्लेक्स असो की नव्या दुकानाच्या उद्घाटनाची पत्रिका, एक मागणी ठरलेली असते: "मागे किरण टाका." अलीकडे बरेच ग्राहक डिझाईन घरीच करून फाइल पेन ड्राइव्हवर आमच्या छापखान्यात आणतात. आम्हाला हे मनापासून आवडतं, कारण आपल्या कार्यक्रमाचं चित्र आपल्याइतकं दुसऱ्या कोणाच्या डोळ्यासमोर नसतं. अडचण येते ती किरणांत. नेटवरून उतरवलेलं किरणांचं चित्र मोबाइलवर झकास दिसतं आणि दहा फुटी फ्लेक्सवर फाटतं. व्हेक्टरमध्ये काढलेले किरण कितीही मोठे केले तरी फाटत नाहीत, कारण तिथे ठिपके नसतात, नुसती भूमिती असते.

ही भूमिती शाळेतल्या कंपासपेटीएवढीच आहे. सांभाळायचं ते केंद्र. आकार फिरवताना केंद्र हललं की किरण वाकडे होतात, केंद्र चुकीच्या जागी ठेवलं की नजर भलतीकडे जाते, आणि छापताना केंद्राचा विचार केला नाही की मधोमध रंगाचा गोळा होतो.

आधी कागदावर हिशेब

पूर्ण फेरा ३६० अंशांचा. १२ किरण हवे असतील तर १२ किरण आणि त्यांच्यामधल्या १२ मोकळ्या जागा, म्हणजे २४ भाग. प्रत्येक भाग १५ अंशांचा. एक किरण १५ अंश रुंद काढायचा आणि दर ३० अंशांवर त्याची प्रत ठेवायची. ९, १०, १२, १५, १८, २० या संख्या सोयीच्या, कारण भागाकार पूर्ण सुटतो. १४ किरण घेतलेत तर कोन २५.७१… असा लांबत जातो आणि शेवटच्या किरणाशेजारची जागा कमी-जास्त होते.

सम आणि विषम यांत दिसायलाही फरक पडतो. १२ किरणांत प्रत्येक किरणाच्या समोर किरणच येतो, त्यामुळे पट्टे आरपार गेल्यासारखे वाटतात. १५ किरणांत किरणासमोर मोकळी जागा येते आणि चित्र हलतं, जिवंत वाटतं. उत्सवाच्या कामाला आम्ही बहुधा १५ सुचवतो.

किरण किती लांब हवा? केंद्रापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यापलीकडे पोचेल इतका. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर. केंद्र मधोमध असेल तर कोपरा सुमारे १८२ मिलिमीटरवर येतो. खालच्या कडेच्या मध्यावरून सूर्य उगवतोय असं दाखवायचं असेल तर वरचा कोपरा ३१५ मिलिमीटरवर जातो. कोपऱ्यात किरण अर्धवट तुटलेले दिसतात ते हा हिशेब न केल्यामुळे.

इंकस्केपमध्ये

शिकायला इंकस्केप घ्या. हा व्हेक्टर चित्रं काढायचा प्रोग्राम मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि किरणांसाठी त्यात एक फार सोयीची गोष्ट आहे: वर्तुळाच्या टूलमध्ये कोन लिहिता येतो.

पहिल्यांदा पानाएवढा चौकोन काढा आणि त्याला फिकट रंग भरा. ही जमीन. ती कुठेही मोकळी ठेवायची नाही. मग वर्तुळाचं टूल घ्या (एफ५), कंट्रोल आणि शिफ्ट दाबून केंद्रापासून बाहेर ओढा, की गोल एकसारखा येतो. वरच्या पट्टीत दोन्ही त्रिज्या १९० मिलिमीटर लिहा. शेजारी सुरुवातीचा आणि शेवटचा कोन यांचे रकाने आहेत. तिथे ० आणि १५ लिहा. गोल नाहीसा होऊन केकच्या तुकड्यासारखा एक निमुळता भाग उरेल. हा तुमचा पहिला किरण. त्याला गडद रंग द्या आणि कडेची रेषा काढून टाका.

आता कंट्रोल+डी. त्याच जागी दुसरी प्रत तयार होते. तिचे कोन बदलून ३० आणि ४५ करा. पुन्हा कंट्रोल+डी, ६० आणि ७५. असं ३३० आणि ३४५ पर्यंत. बहुतेक ठिकाणी तुकडा फिरवायला शिकवतात. त्यात फिरण्याच्या बिंदूची छोटी फुली ओढून टोकावर नेमकी बसवावी लागते, आणि नवख्या माणसाचा हात तिथेच चुकतो. कोन लिहिण्याच्या पद्धतीत सगळे तुकडे एकाच वर्तुळाचे असतात, म्हणून टोक हलण्याचा प्रश्नच येत नाही. वेळ थोडा जास्त जातो, पण काम पक्कं होतं.

सगळे किरण निवडून पाथ मेनूतून कंबाइन करा (कंट्रोल+के). ही पायरी गाळू नका. एकत्र केल्यावर किरण हा एकच आकार होतो, आणि त्याला गोल ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा) दिला की रंग बरोबर मध्यापासून बाहेर विरत जातो. सुटे ठेवले तर प्रत्येक किरणाला स्वतःचा वेगळा ग्रेडियंट लागतो आणि सगळं डागाळल्यासारखं दिसतं.

शेवटी पानाच्या मापाचा, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त असा चौकोन किरणांच्या वर काढा, दोन्ही निवडा आणि ऑब्जेक्ट मेनूतून क्लिप करा. बाहेरचे किरण दिसेनासे होतात, पण पुसले जात नाहीत. उद्या माप बदललं तर क्लिप सोडून नवीन चौकोन लावता येतो. जमिनीचा चौकोनही तेवढाच वाढवा, म्हणजे कटिंगमध्ये कडेला पांढरी रेघ राहत नाही.

कोरलड्रॉमध्ये

ज्यांच्याकडे कोरलड्रॉ (थोडक्यात कोरल) हा व्हेक्टर प्रोग्राम आहे त्यांचं काम झटपट होतं. एक उंच निमुळता त्रिकोण काढा. १५ अंशांच्या किरणासाठी १९० मिलिमीटर उंचीला पाया साधारण ५० मिलिमीटर. त्रिकोणावर दोनदा क्लिक केलं की फिरवायचे बाण आणि मध्ये फिरण्याचा बिंदू दिसतो. तो ओढून टोकावर ठेवा. पडद्यावर मोठं करून पाहा, तो टोकावर चिकटलाच पाहिजे. मग ऑल्ट+एफ८ दाबून रोटेटचा डॉकर (बाजूची छोटी खिडकी) उघडा, कोन ३०, प्रती ११, आणि अप्लाय. सगळे निवडून कंट्रोल+एलने एकत्र करा, आणि शेवटी पॉवरक्लिपने (कोरलमधलं क्लिप) चौकटीत टाका.

तुटक रेषेची युक्तीही तुम्ही पाहिली असेल: १०० मिलिमीटर व्यासाच्या गोलाला १०० मिलिमीटर जाडीची तुटक रेषा दिली की आपोआप किरण होतात. युक्ती खरी आहे. परीघ ३१४.१६, त्याला २४ ने भागलं की १३.०९ मिलिमीटर. पण १३.०९ ऐवजी सरळ १३ लिहिलंत तर फेरा पूर्ण होताना २ मिलिमीटरची फट उरते आणि तिथे एक चिपाडासारखा जादा किरण उगवतो. मोबाइलवरच्या शुभेच्छांना ठीक आहे, छपाईच्या फाइलला आम्ही ही पद्धत सुचवत नाही.

दोन रंगांचे किरण शेजारी शेजारी लावू नका

जमीन आधी भरायला सांगितलं त्यामागे कारण आहे. नवखे लोक पिवळा तुकडा, शेजारी केशरी तुकडा, पुन्हा पिवळा, असे २४ तुकडे जोडतात. दोन आकारांच्या कडा तंतोतंत जुळल्या तरी पडदा कडा मऊ करून दाखवतो, आणि दोन मऊ कडांच्या मधून मागचा पांढरा केसासारखा डोकावतो. पीडीएफमध्ये तर हे हमखास दिसतं आणि कधी कधी छापूनही येतं. खाली अखंड पिवळी जमीन आणि वर फक्त केशरी किरण ठेवले की मागे पांढरं राहतच नाही.

रंग आणि मधली जागा

किरणांवर मजकूर येणार असेल तर जमीन आणि किरण यांच्या रंगांत थोडाच फरक ठेवा. पिवळा १०० टक्के आणि मॅजेन्टा (गडद गुलाबी शाई) २० टक्के ही जमीन, पिवळा १०० आणि मॅजेन्टा ४० टक्के हे किरण, एवढं पुरतं. लाल-पांढऱ्या किरणांवर लिहिलेलं नाव रस्त्यावरून वाचता येत नाही, मग अक्षर कितीही मोठं करा. रंग सीएमवायकेमध्येच, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत निवडा. पडद्यावर चमकणारा आरजीबी (पडद्याच्या रंगपद्धतीतला) केशरी छापताना मंदावतो.

मध्याकडे किरण बारीक होत जातात. १५ अंशांचा किरण केंद्रापासून ५ मिलिमीटरवर १.३ मिलिमीटर रुंद असतो, १ मिलिमीटरवर फक्त पाव मिलिमीटर. तिथे शाई एकमेकांत मिसळते. म्हणून मध्यावर एक भरीव गोल ठेवा, किंवा मूर्ती, फोटो, बोधचिन्ह यांपैकी काही तरी तिथे बसवा.

कुठे बसवायचं, हा या कामातला खरा निर्णय. गणपतीच्या बॅनरवर केंद्र बॅनरच्या मधोमध नको, मुकुटामागे हवं, म्हणजे किरणांची प्रभावळ होते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ते चेहऱ्यामागे घ्या. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग असेल तर तिथे किरण थांबवा, जमीन साधी ठेवा. प्रत्येक फोटोमागे वेगळे किरण टाकले की कोणाकडे पाहायचं ते पाहणाऱ्याला कळत नाही.

नमुने पाहायचे असतील तर मुंबईत मरीन ड्राइव्हवरून चालत जा. तिथल्या आर्ट डेको इमारतींच्या जाळ्यांत आणि फाटकांत लोखंडी सूर्यकिरण आहेत. गोथिक आणि आर्ट डेको इमारतींचा तो समूह २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. न्यूयॉर्कच्या १९३० साली पूर्ण झालेल्या क्रायस्लर इमारतीचा माथाही असाच किरणांचा. 

एक सूचना परदेशी माल पाठवणाऱ्यांसाठी. पांढऱ्यावर लाल गोल आणि १६ लाल किरण ही जपानच्या जुन्या लष्करी ध्वजाची रचना आहे. कोरिया आणि चीनमध्ये ती अनेकांना दुखावते. माल तिकडे जाणार असेल तर रंग आणि किरणांची संख्या बदला.

फाइल देताना

मूळ फाइल आणि पीडीएफ दोन्ही आणा. अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदललेली असू द्या (कोरलमध्ये कंट्रोल+क्यू), नाहीतर तुमचा मराठी फॉन्ट आमच्या संगणकावर नसला की जोडाक्षरं तुटतात. बदल करायची वेळ आली तर म्हणून न बदललेली एक प्रत स्वतःकडे ठेवा. मोठा फ्लेक्स एक दशांश मापात काढला तरी चालतो: १० बाय ६ फुटांसाठी १२ बाय ७.२ इंच. किरण मोठे केल्याने बिघडत नाहीत, फोटो मात्र बिघडतात, म्हणून फोटोची मूळ फाइल वेगळी आणा, व्हॉट्सअॅपवरून आलेली नको. आयलेटसाठी (दोरी ओवायच्या धातूच्या कड्यांसाठी) कडेला जागा सोडा. काउंटरवर फाइल उघडून मध्य, कोपरे आणि कडा आम्ही तुमच्यासमोर तपासतो, आणि मगच ती मशीनवर जाते.