रोमच्या सामान्यांचा असहकार

रोमन प्रजासत्ताकात प्रत्येक पुरुष नागरिकाला मत होतं. पण कॉन्सल, म्हणजे राज्याचे सर्वोच्च अधिकारी, निवडणाऱ्या सभेत मोजले जायचे ते गट. जुन्या रचनेत मालमत्तेनुसार पाडलेले असे 193 गट होते: 18 घोडेस्वारांचे, 80 सर्वांत श्रीमंत वर्गाचे. बेरीज 98, आणि बहुमताला 97 पुरे. वरच्यांचं एकमत झालं की मतदान तिथेच थांबे, खालच्यांची पाळीच येत नसे. ज्यांच्याकडे मालमत्ताच नाही, अशा सगळ्यांना मिळून एकच गट.

अशा सभेकडून कर्जबाजारी शेतकऱ्याला काय मिळणार? त्याची ताकद वेगळीच होती. रोमचं सैन्य त्याच्याच जिवावर उभं होतं.

इतिहासकार लिव्ही एका म्हाताऱ्या सैनिकाची हकिगत सांगतो. तो फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, आला तेव्हा छातीवर लढायांचे व्रण होते आणि पाठीवर सावकाराच्या फटक्यांचे ताजे वळ. तो युद्धावर असताना शत्रूने शेत-घर जाळलं, गुरं नेली. वर कर भरावा लागला. कर्ज व्याजाने फुगलं, आधी वडिलोपार्जित जमीन गेली, मग त्याचं शरीरच सावकाराच्या ताब्यात गेलं. परंपरेनुसार इ.स.पू. 494 मध्ये प्लीबियन, म्हणजे सामान्य रोमन, शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले. लढायला माणूसच उरेना, तेव्हा सरदार घराण्यांना, म्हणजे पॅट्रिशियनांना, नमावं लागलं.

त्यातून ट्रिब्यून, म्हणजे प्लीबियनांचं रक्षण करणारा अधिकारी, हे पद आलं. मला ही रोमची सर्वांत धाडसी कल्पना वाटते. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणं हा महापातकासारखा गुन्हा होता. पुढे तो कोणत्याही अधिकाऱ्याचा निर्णय नकाराधिकाराने रोखू शके. गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्यांसाठी त्याच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं असे.

पण हा निव्वळ गरीब-श्रीमंतांचा झगडा नव्हता. प्लीबियनांमध्येही गडगंज लोक होते आणि त्यांना सत्तेची पदं हवी होती. ती त्यांना मिळाली: इ.स.पू. 366 मध्ये लुसियस सेक्स्टियस पहिला प्लीबियन कॉन्सल झाला. हळूहळू ही घराणी पॅट्रिशियनांशी सोयरीक करून नव्या सत्ताधारी वर्गात मिसळली. गरिबाला मात्र कर्जापायी बांधून घेण्याची प्रथा कायद्याने बंद व्हायला इ.स.पू. 326 उजाडलं.

इ.स.पू. 287 मध्ये कर्जाच्याच प्रश्नावरून लोक पुन्हा शहराबाहेर पडले. त्यानंतरच्या हॉर्टेन्शियन कायद्याने प्लीबियन सभेचे ठराव सगळ्या रोमनांवर बंधनकारक झाले. तिथेही मतं गटानेच मोजली जात, फक्त हे गट मालमत्तेऐवजी प्रदेशानुसार होते. शेवटी असे 35 गट झाले आणि शहरातली गर्दी त्यांतल्या चारांतच कोंबलेली राहिली. बाकीचे 31 ग्रामीण. पण मतदान फक्त रोममध्येच होई. त्यामुळे लांबच्या गावचा शेतकरी नांगर सोडून येऊ शकला नाही, तर त्याच्या गटाचं मत सवड असलेले जमीनदार ठरवत.