मे महिन्यात उघडणारी भेग
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मे महिना लागला की आम्हाला एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. कंपाउंड वॉलची भेग गेल्या वर्षीच भरून घेतली होती, ती त्याच जागी पुन्हा उघडली. लोक गवंड्याला दोष देतात. बहुतेक वेळा त्याचं काम चोख असतं, पण खालची माती हलत असते आणि ती का हलते हे कळेपर्यंत प्लास्टरवर केलेला खर्च टिकत नाही.

आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, झिजून जी चिकण माती होते तिच्यात पुष्कळदा मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचा कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चवड. पाणी या पापुद्र्यांमध्ये शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी निघून गेलं की माती आकसते. उन्हाळ्यात रिकाम्या भातखाचरात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्याच मातीवर भराव टाकून आपण घरं आणि रस्ते बांधतो.

ही माती ओळखायची चाचणी साधी आहे. लॅबमध्ये या, समोर करून दाखवतो. भट्टीत वाळवून बारीक चाळलेली माती 10-10 ग्रॅम घ्यायची आणि दोन मापनळ्यांत टाकायची. एकीत रॉकेल, दुसरीत डिस्टिल्ड पाणी. 24 तासांनी बघायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ती तुलनेसाठी. रॉकेलमधली माती 11 मिलीवर आणि पाण्यातली 22 मिलीवर आली, तर फुगवटा 100 टक्के. 50 टक्क्यांच्या वर फुगणारी माती रस्त्याच्या भरावात वापरू नये, असं केंद्रीय रस्ते मंत्रालयाचे मानक निर्देश सांगतात.

आता आपल्या भागाबद्दल, कारण इथे गल्लत फार होते. वाशी, कोपरखैरणे, ऐरोली किंवा ठाण्यात बाळकुम-कोलशेतच्या खाडीकाठी बऱ्याच ठिकाणी वर मुरमाचा भराव आणि खाली खाडीचा मऊ चिखल असतो. खोलवरचा चिखल बारमाही ओला. ओलावा बदलत नाही म्हणून तो फुगत-आकसत नाही, पण वजनाखाली वर्षानुवर्षं दबत राहतो. हा वेगळा आजार आहे आणि त्याचं औषधही वेगळं. पावसाळ्यात मिटून उन्हाळ्यात उघडणारी भेग बहुधा फुगणाऱ्या मातीची. कधीच न मिटता नुसती वाढत जाणारी भेग खचण्याची. दुसऱ्या प्रकारात वेळ घालवू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला लगेच बोलवा.

नवी मुंबईतल्या एका रो-हाउस सोसायटीत सेक्रेटरी काकांनी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खुणा करून तारखा घातल्या होत्या. त्या खुणांनी आमचं अर्धं काम केलं. घराच्या एका कोपऱ्यात गच्चीचा पाईप आणि एसीचं पाणी जोत्यालगत पडत होतं, दुसऱ्या कोपऱ्याला दिवसभर ऊन. एक बाजू फुगलेली, दुसरी आकसलेली, मध्ये भिंत. माती सगळीकडे सारखी भिजली असती तर एवढं नुकसान झालंच नसतं. पाईप गटारापर्यंत नेला आणि जोत्याभोवती बाहेर उतार देऊन एक मीटर रुंद काँक्रीटचा पट्टा केला. भेग मात्र आम्ही मुद्दाम एक पावसाळा जाऊ दिल्यावरच भरली.

रस्त्याचं गणितही हेच. डांबराखालची माती मधोमध ओलसर राहते, कडेची वाळते. म्हणून कडेला समांतर लांब भेग पडते. पहिल्या पावसात पाणी तिथून आत जातं, माती लोण्यासारखी होते आणि जड गाडी गेली की कड बसते. सोसायटीच्या अंतर्गत रस्त्यावर अशी भेग दिसली तर ती जूनच्या आधी डांबराने बुजवा आणि कडेची गटारं साफ करा.

नवं बांधकाम असेल तर उपाय मातीच्या थराच्या जाडीवर ठरतो. थर पातळ असेल तर ती माती काढून मुरूम दाबून भरतात, नाहीतर चुना मिसळून तिचं फुगणं कमी करतात. थर खोल असेल तर तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे काँक्रीट खांब, घेतात आणि ते जमिनीखाली किमान 3.5 मीटर जातात, म्हणजे ओलावा फारसा बदलत नाही अशा थरात त्यांची पकड बसते.

आम्हाला बोलावण्याआधी भेगेवर तारखेची खूण करा, पाण्याचे पाईप कुठे सुटतात ते बघून ठेवा आणि भिंतीलगत पिंपळ किंवा गुलमोहर असेल तर तेही सांगा. झाडाची मुळं उन्हाळ्यात जोत्याखालचं पाणी ओढतात. नमुना घ्यायला शक्यतो एप्रिल-मेमध्ये बोलवा, तेव्हा माती किती खोलवर वाळली आहे ते खड्ड्यात डोळ्यांनी दिसतं.